पाणी बघून निघायचं: वर्सोवा ते भाईंदर, दोन खाड्या ओलांडून

वर्सोव्याच्या धक्क्यावरून बोटीने मढ, तिथून एरंगळ-आक्सा करत मार्वे, मार्व्याहून पुन्हा बोटीने मनोरी आणि मग गोराई, उत्तन, भाईंदर. प्रत्यक्ष सायकल चालवण्याचं अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास, चढ किरकोळ. तरीही हा रस्ता पहिल्यांदा करणाऱ्यांची सकाळ हमखास बिघडते, आणि ती सायकलमुळे नाही बिघडत. लोक रविवार बघून येतात आणि पाणी बघत नाहीत. मग वर्सोव्याला बोट गाळात टेकलेली असते, मार्व्याला उतारावरच्या शेवाळावर पाय घसरतात, आणि उत्तनला पोचेपर्यंत अकरा वाजून समोरून वारा सुटलेला असतो. त्यामुळे आम्ही दिवस ठरवतो तो पंचांग उघडून.

किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत असलेला हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून भरती तीनच्या सुमाराला आणि ओहोटी नऊच्या सुमाराला. अष्टमीला भरती सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. दोन्ही पक्षांत हिशेब तोच, आणि पहाटेची वेळ काढली की संध्याकाळचीही मिळाली. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून मुंबईचा भरती-ओहोटीचा तक्ताही बघून घ्यावा, पण महिनाभर आधी रविवार निवडायला हा तोंडी हिशेब पुरतो.

आता हे सकाळच्या बोटीला लावून बघा. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणजे पूर्ण ओहोटी सव्वापाचला. प्रतिपदेला ओहोटी पावणेसातला, द्वितीयेला साडेसातला. त्यात उधाणाचे दिवस, म्हणजे ओहोटीला पाणी सगळ्यात खाली जातं. आपण सव्वासहा ते साडेसातच्या दरम्यान दोन्ही खाड्या ओलांडणार, नेमकं तेव्हाच खाडीत पाणी नाही. वर्सोव्याच्या खाडीत गाळ फार साचलेला आहे, त्यामुळे तिथे त्रास जास्त. उलट अष्टमी ते दशमी या दिवसांत भरती सहा ते साडेसातला असते आणि भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक थोडा असल्याने ओढही कमी. बोट धक्क्याला नीट लागते, सायकल हातात घेऊन दोन पायऱ्या उतरलं की काम झालं. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पुढचे तीन दिवस हा रस्ता आम्ही घेतच नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे इथे पायांना कळतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका मतलई वारा असतो, त्याचा त्रास नाही. ऊन चढलं की साडेदहा-अकरापासून खारा वारा सुरू होतो आणि दुपारकडे तो वायव्येकडून जोर धरतो. आपला रस्ता दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे उशीर झाला की गोराई ते उत्तन हा मोकळा पट्टा समोरच्या वाऱ्यात. पहाटे ताशी पंचवीसने जाणारा माणूस तिथे अठरावर येतो आणि दमतो दुप्पट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मे चालतो, पण दहाच्या आत भाईंदर गाठायचं असेल तरच. पावसाळ्यात जाऊ नये. बोटींचं वेळापत्रक भरवशाचं राहत नाही आणि ओल्या उतारावर सायकल खांद्यावर घेऊन चालणं धोक्याचं आहे.

सायकल रोड बाइक असली तरी टायर २८ मिलिमीटरचे असावेत. २५ चालतात, पण गोराईकडच्या तुटक्या कडांवर आणि गावांतल्या पेव्हर ब्लॉकवर हात बधिर होतात. सायकलसकट वजन ८५ किलोच्या आसपास भरत असेल तर २८ च्या टायरमध्ये पुढे ६५ ते ७० आणि मागे ७० ते ७५ पीएसआय हवा पुरते. शंभर भरून येणारे अजून भेटतात. त्या हवेवर टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो आणि सांडलेल्या वाळूवर पकड सुटते. सोबत दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅच, हातपंप आणि एक छोटीशी पितळी वस्तू: प्रेस्टा, म्हणजे रोड बाइकच्या बारीक व्हॉल्व्हवर बसणारा अॅडॅप्टर. मनोरीपासून भाईंदरपर्यंत गावातल्या पंक्चरवाल्याकडे मोटरसायकलचा, म्हणजे जाड व्हॉल्व्हचा पंप असतो. अॅडॅप्टर नसेल तर त्याच्या कॉम्प्रेसरचा आपल्याला काही उपयोग नाही.

बुटांचं आधी ठरवावं. रोड पेडलचे मोठे प्लास्टिकचे क्लीट, म्हणजे बुटाच्या तळव्याला लावलेले पेडलमध्ये अडकणारे तुकडे, ओल्या काँक्रीटवर घसरतात आणि त्यांच्या खाचांत वाळू बसली की पेडलमध्ये अडकतच नाहीत. या रस्त्यावर सायकल धरून चार ठिकाणी चालायचं आहे: दोनदा बोटीत चढताना, दोनदा उतरताना. तळव्यात दडलेला लहान लोखंडी क्लीट असलेले एमटीबीचे (माउंटन बाइकचे) बूट सगळ्यात बरे. रोड क्लीटच वापरायचे असतील तर त्यांवर चढवायची रबरी कव्हरं खिशात ठेवा.

दादर-माहीमकडून येणाऱ्यांसाठी एक आठवण: वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आणि कोस्टल रोडवर सायकलला बंदी आहे. कॅडेल रोडने माहीम कॉजवे, मग एस. व्ही. रोड, जुहू तारा रोड, सात बंगला करत वर्सोवा कोळीवाडा. शिवाजी पार्कपासून सोळा-सतरा किलोमीटर होतात. पहाटे पाचला निघालं तर सहाला धक्क्यावर. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो, म्हणजे पुढचा आणि मागचा दिवा दोन्ही हवेत, आणि पुढचा दिवा रस्त्यातला खड्डा दाखवेल इतक्या ताकदीचा हवा.

कोळीवाड्यातून जाताना पायडल बंद करून हळू जायचं. पहाटेची ही त्यांची सगळ्यात घाईची वेळ. टोपल्या, बर्फाच्या लाद्या, हातगाड्या, सगळं त्याच गल्लीत. घंटी वाजवत घुसण्यापेक्षा उतरून चालावं. धक्क्यावर पोचल्यावर पहिला प्रश्न तिकिटाचा नसतो. "दादा, पाणी कसं आहे?" एवढं विचारलं की बोटीवरचा माणूस एका वाक्यात सांगतो: आता चला, किंवा अर्धा तास थांबा. थांबा म्हणाला तर थांबायचं. तिकीट माणसाचं वेगळं, सायकलचं वेगळं, सुटे पैसे जवळ असू द्या.

सायकल बोटीत चढवण्याची एक रीत आहे आणि ती आधी घरी करून बघितलेली बरी. धक्क्याला येण्याआधीच चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर आणून ठेवायची, त्यामुळे डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग, आत ओढला जातो आणि कशाला धडकत नाही. बाटल्या पिंजऱ्यातून काढून पाठीमागच्या खिशात. सायकल उजव्या बाजूने खांद्यावर घेऊ नये, चेन कपड्याला आणि शेजाऱ्याला लागते. डावीकडून, वरच्या नळीखाली हात घालून उचलायची, दुसरा हात कठड्याला मोकळा. पाय बोटीच्या मध्यावर टाकायचा, काठावर नाही. काठावर भार आला की बोट कलते आणि धक्का-बोटीमधली फट वाढते. आत गेल्यावर जाड रबर बँड किंवा वेल्क्रोची पट्टी पुढच्या ब्रेकच्या लिव्हरभोवती घट्ट गुंडाळायची. हा आपला हँडब्रेक. नाहीतर लाट आली की सायकल मागेपुढे सरकत राहते आणि मोटरसायकलींच्या सायलेन्सरवर जाऊन टेकते. गरम सायलेन्सरने टायरची बाजू भाजली तर तो टायर गेला. आडवी ठेवावी लागली तर चेनची बाजू वर. पाच-सात मिनिटांचा प्रवास, पण आम्ही हात सायकलवरून काढत नाही.

मढच्या धक्क्यावर उतरलं की गाव जागं होत असतं. मढचा किल्ला बघायला थोडी वाट वाकडी करावी लागते. किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, आत जाता येत नाही, बाहेरून तटबंदी दिसते. पोर्तुगीजांनी बांधलेला हा किल्ला फेब्रुवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. ही तारीख लक्षात ठेवा, रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला तिचा संबंध येणार आहे.

मढ ते मार्वे नऊ-दहा किलोमीटर. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना माड, पदपथ नाही. मालाड स्टेशनहून मढला येणारी २७१ नंबरची बस हे या रस्त्यावरचं सगळ्यात मोठं वाहन. तिला वळणावर पूर्ण रस्ता लागतो, म्हणून आंधळ्या वळणावर डावी कड सोडून मध्ये येऊ नये आणि दोघांनी शेजारी-शेजारी चालवू नये. सव्वासात-साडेसातपर्यंत रस्ता आपलाच असतो. नंतर शूटिंगच्या बंगल्यांकडे जाणाऱ्या व्हॅन आणि नऊनंतर आक्साला निघालेल्या गाड्या. एरंगळला समुद्राकाठी संत बोनाव्हेंचरचं १५७५ चं चर्च आहे, जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथे जत्रा भरते. त्या दिवशी या रस्त्यावर सायकल घालू नये, चालायलाही जागा राहत नाही.

आक्साला थांबून समुद्र बघावा, फोटो काढावा, पण पाण्यात उतरू नये. घाम आलेला असतो, पाणी समोर असतं, गुडघाभर जाऊन येऊ असं वाटतं. आक्साच्या किनाऱ्यावर पायाखालची वाळू सरकते आणि परतणाऱ्या पाण्याला ओढ आहे. दरवर्षी तिथे माणसं बुडतात. पट्टीचे पोहणारेही त्यात असतात.

आक्साहून पुढे गेल्यावर मालाडकडे न वळता मार्व्याच्या धक्क्याकडे जायचं. वाटेत नौदलाची हद्द आहे, भिंतींचे फोटो काढायचे नाहीत. मार्वे-मनोरी खाडी अरुंद आहे, बोट काही मिनिटांत पलीकडे जाते, बोटीत दूधवाले, भाजीवाले, शाळेची पोरं असतात. इथे उताराच्या खालच्या टोकाला शेवाळ असतं. ते हिरवं दिसतं तेव्हा ओळखता येतं, पण काळपट झालेलं शेवाळ सिमेंटसारखंच दिसतं. ओल्या भागावर पाऊल सरळ खाली टाकायचं, टाच आधी टेकवायची नाही. सायकल पाण्याच्या बाजूला ठेवायची, म्हणजे घसरलो तर सायकल जाते, आपण उताराच्या वरच्या अंगाला बसतो.

मनोरीपासून रस्त्याचा स्वभाव बदलतो. एका अंगाला तिवरं, दुसऱ्या अंगाला वाड्या, माड आणि ताड. एप्रिल-मे मध्ये कडेला ताडगोळे मिळतात. या उन्हात पोटाला त्याच्याइतकं सोसणारं दुसरं काही नाही, दोन-तीन खाऊन निघावं. पाणी मात्र मनोरीतच भरून घ्या. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या, एकीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-मीठ-साखर. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि माणूस आणखी घामाघूम होतो. नुसतं पाणी पीत राहिलात तर शेवटच्या दहा किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे येतात.

गोराईच्या जवळ विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस दूरवरून दिसू लागतो. आत आठ हजार माणसं बसतील एवढा घुमट आणि मध्ये एकही खांब नाही. बघायचा असेल तर वेगळा दिवस काढा, सायकलच्या कपड्यांत घाईने बघण्याची ती जागा नाही. कोणी दमलं असेल, सायकल बिघडली असेल, तर सुटका इथूनच: गोराई गावाच्या धक्क्यावरून बोटीने खाडी ओलांडली की बोरिवली. पुढे गेल्यावर भाईंदरशिवाय वाट नाही, म्हणून निर्णय इथे घ्यायचा.

पंक्चर झालंच तर ते बहुधा याच पट्ट्यात होतं, आणि कारण बहुधा शिंपल्याची कपची किंवा बाटलीची काच. घाईत नवी ट्यूब घालून निघालेले लोक किलोमीटरभरात परत थांबतात, कारण कपची टायरमध्येच राहिलेली असते. टायर बसवतानाच त्यावरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर येईल असा बसवावा. मग ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधलं की व्हॉल्व्हपासून त्याचं अंतर टायरवर मोजायचं, काटा नेमका तिथे सापडतो. आतून बोट फिरवताना सावकाश, काच बोटात जाते; रुमालाचं टोक फिरवलं तर धागा अडकतो आणि जागा कळते. नवी ट्यूब आधी थोडी फुगवून घालायची, टायर शेवटी व्हॉल्व्हच्या बाजूला बसवायचा, आणि पूर्ण हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी दाबून बघायचं की ट्यूब कुठे रिमखाली चिमटली नाही ना.

गोराईहून उत्तनकडे जाताना छोटे चढ लागतात, ३४ दात्यांच्या पुढच्या आणि २८ दात्यांच्या मागच्या चकतीवर कोणीही बसून चढेल. जपायचं ते उत्तनच्या आसपासच्या वळणांवर. मासळीचे टेम्पो भाईंदरकडे जातात आणि त्यांतून बर्फाचं पाणी गळत असतं. हे पाणी साधं नाही, त्यात माशांचा बुळबुळीतपणा असतो. रस्त्यावर काळसर ओली रेघ दिसते, ती बहुतेक वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाड होते, कारण वळताना पाणी तिकडे हिंदकळतं. त्या रेघेवर सायकल कलवली आणि ब्रेक दाबला की पुढचं चाक निसटतं, सावरायला वेळ मिळत नाही. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असताना. रेघ ओलांडायचीच असेल तर सायकल उभी ठेवून, हँडल सरळ ठेवून. शहराचा कचरा टाकण्याची जागाही याच अंगाला आहे, त्या गाड्यांच्या मागे लागू नका, थांबून जाऊ द्या.

उत्तन गावात बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत असतात. एका बोंबलाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवून जोडी दांडीवर टांगलेली, शेपट्या खाली, पुढून ऊन आलं की सगळी रांग काचेसारखी आरपार दिसते. सायकल त्यांच्यापासून लांब उभी करायची, धूळ उडवायची नाही, आणि फोटो हवा असेल तर तिथल्या मावशींना विचारून. जाळी रस्त्याकडेला पसरलेली असतील तर त्यांवरून चाक नेऊ नये. जाळं आपल्या चाकाने फाटतं आणि त्याचा धागा मागच्या चकत्यांत अडकला तर सुरीशिवाय निघत नाही. कुत्री पुष्कळ, मासळीमुळे. अंगावर आली तर पळवत न नेता उतरायचं, सायकल मध्ये धरून चालायचं. थांबलेल्या माणसात त्यांचा रस संपतो.

पाय शिल्लक असतील तर उत्तनहून चौकला जाऊन यावं. तिथे धारावीचा किल्ला होता आणि समोर वसईची खाडी उघडते, पलीकडे वसई. मढचा किल्ला, हा धारावीचा आणि मे महिन्यात वसई, हे सगळं १७३९ च्या चिमाजी अप्पांच्या एकाच मोहिमेतलं. त्यांचा पुतळा इथे आहे. आपण सकाळभरात जो किनारा पायडल मारत आलो, तो नकाशावर बघितलं की खाडीच्या मुखावरचे किल्ले आधी का घ्यावे लागले हे समजतं: समुद्रावाटे येणारी रसद इथूनच आत जात होती.

उत्तन ते भाईंदर स्टेशन हा भाग मोर्वा, राई, मुर्धे या गावांतून जातो, पुढे मिठागरं. रस्त्यावर पालिकेच्या बस आणि रिक्षा वाढत जातात, बघण्यासारखं कमी होतं, इथे नुसतं अंतर काटायचं. परत सायकलने यायचं तर पश्चिम द्रुतगती मार्ग, पण रविवारी दहानंतर तो सुखाचा नाही. आम्ही कोणाचा तरी टेम्पो किंवा कॅरियर लावलेली गाडी आधीच ठरवून ठेवतो.

घरी आल्यावर आधी सायकल, मग आंघोळ. मीठ हवेतली ओल शोषून घेतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की सायकलवरचं मीठ सुकत नाही, त्याचं पाणी होऊन ते धातूवर बसून राहतं. मुंबईत ही आर्द्रता वर्षातले कितीतरी दिवस असते. सकाळी धुऊ म्हणून ठेवलेली चेन सकाळी तांबूस निघते. बादलीभर गोडं पाणी आणि मऊ फडकं पुरतं. नळीचा जोरदार फवारा हबवर आणि पेडलच्या आसावर मारायचा नाही, त्याने खारं पाणी बेअरिंगच्या आत जातं आणि ग्रीस बाहेर येतं. रिम ब्रेक असतील तर पॅड काढून बघा, रबरात वाळूचे कण आणि अॅल्युमिनियमचे तुकडे रुतलेले असतात, ते सुईने काढले नाहीत तर रिमवर चरे पडतात. चेन फडक्याने पूर्ण कोरडी करून प्रत्येक कडीच्या रुळावर तेलाचा एकच थेंब. दहा मिनिटं ठेवून बाहेरचं तेल पुसून टाकायचं. आत गेलेलं तेल कामाचं, बाहेर राहिलेलं वाळू धरतं.

सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी, लोक विसरतात. अॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या किंवा कार्बनच्या फ्रेममध्ये असेल आणि मधल्या फटीत खारं पाणी गेलं, तर दोन धातू, किंवा धातू आणि कार्बन, मिठाच्या पाण्यात एकमेकांशी भिडतात आणि पोस्ट आतून फुगून अडकतो. वर्षभर न हलवलेला पोस्ट काढताना फ्रेम चिरते. दर दोन महिन्यांनी उंचीच्या जागी चिकटपट्टीची खूण करून पोस्ट बाहेर काढावा, आतली नळी पुसावी, धातू-धातू असेल तर ग्रीस आणि कार्बन असेल तर कार्बनची पेस्ट लावून खुणेवर परत बसवावा. बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रूही त्याच दिवशी काढून, ग्रीस लावून परत लावावेत, ते सगळ्यात आधी गंजतात.